बापलेकांची कमाई, शहराची दौलत

रमजान हा रोजांचा महिना आहे, तसाच तो पवित्र कुरआनच्या अवतरणाचाही महिना आहे. मक्केजवळच्या हिरा गुहेत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर जी पहिली वाणी उतरली, तिचा पहिला शब्द होता ‘इक्रा’, म्हणजे वाच. त्याच वाणीत लेखणीचा उल्लेख आहे आणि माणसाला त्याला ठाऊक नसलेले शिकवल्याचाही. नमाज, रोजा, जकात, हज यांचे आदेश नंतर आले. वाचनाचा आदेश सर्वांच्या आधी आला.

रमजानच्या १७ तारखेला झालेल्या बद्रच्या लढाईची आठवण दरवर्षी निघते. त्या लढाईनंतरची एक हकीकत मात्र तितकी सांगितली जात नाही. लढाईत जे मक्कावासी कैद झाले, त्यांतल्या काहींजवळ सुटकेसाठी द्यायला पैसे नव्हते. पण त्यांना लिहितावाचता येत होते. मदीनेतल्या दहा मुलांना अक्षरओळख करून द्या आणि मोकळे व्हा, अशी अट त्यांना घालण्यात आली. शत्रूकडूनही विद्या घ्यावी, आणि तिचे मोल एका माणसाच्या स्वातंत्र्याइतके धरावे, हा त्यातला धडा.

हा धडा कोणी किती मनावर घेतला, याचा शोध घेताना भारतातले एक नाव टाळता येत नाही. ते आहे पाटण्याची खुदाबख्श ओरिएंटल पब्लिक लायब्ररी. गंगेच्या काठी, अशोक राजपथावर उभे असलेले हे ग्रंथालय आज २१ हजारांहून अधिक हस्तलिखिते आणि सुमारे अडीच लाख छापील पुस्तके सांभाळून आहे. ते कोणा बादशहाने उभारले नाही की नवाबाने. ते उभारले एका वकिलाने, आपल्या वकील वडिलांची शेवटची इच्छा पुरी करण्यासाठी.

वडिलांचा शब्द

खुदाबख्श खान यांचा जन्म १८४२ सालचा, बिहारमधल्या छपरा भागातला. वडील मुहम्मद बख्श हे पाटण्याजवळच्या बांकीपूर येथे वकिली करत. पैसा बेताचा, पण हस्तलिखितांचा नाद मोठा. घरातून वारशाने मिळालेल्या थोड्या ग्रंथांत ते आयुष्यभर भर घालत राहिले. १८७६ मध्ये त्यांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा संग्रहात सुमारे १४०० हस्तलिखिते होती. मुलाला जवळ बोलावून त्यांनी सांगितले की, हा संग्रह वाढव आणि ऐपत आली की तो लोकांसाठी खुला कर.

तेव्हा घरची परिस्थिती काही फार चांगली नव्हती. कुटुंबाचा भार खुदाबख्शांवरच होता. पेशकार, शिक्षण खात्यातले उपनिरीक्षक अशा नोकऱ्या करून ते वकिलीत स्थिरावले होते. पुढे ते पाटण्याचे सरकारी वकील झाले आणि हैदराबादेत निजामाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपदही त्यांनी काही वर्षे सांभाळले. मिळकत वाढत गेली, तशी ती ग्रंथांत जात राहिली.

त्या काळात रामपूरचे नवाबही हस्तलिखिते जमवत. नवाबांची तिजोरी आणि वकिलाची कमाई यांची बरोबरी कुठली! तरीही मुहम्मद मक्की नावाचा एक अरब ग्रंथशोधक खुदाबख्शांनी आपल्याकडे वळवला. महिना ५० रुपये पगार आणि वर दलाली, अशा बोलीवर हा माणूस १८ वर्षे अरबस्तान, सिरिया, इजिप्त, इराण असा हिंडून अरबी ग्रंथ शोधत राहिला. खुदाबख्शांचा आणखी एक शिरस्ता होता. हस्तलिखिते विकायला जो कोणी बांकीपूरला येईल, त्याचा सौदा होवो न होवो, त्याला येण्याजाण्याचे रेल्वेभाडे मिळे. त्यामुळे देशभरातले विक्रेते आपला माल आधी पाटण्यालाच आणू लागले.

पिठाच्या दुकानातला ग्रंथ

या ग्रंथवेडाचे किस्से इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी लिहून ठेवले आहेत. एका संध्याकाळी हैदराबादेत न्यायालयातून घरी परतताना खुदाबख्शांची नजर एका पिठाच्या दुकानाकडे गेली. तिथे जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा पडला होता. त्यांनी गाडी थांबवून किंमत विचारली. दुकानदार बेरकी होता. दुसऱ्या कोणी विचारले असते तर तीन रुपयांत देऊन टाकले असते. पण हुजुरांना त्यात रस आहे, त्या अर्थी त्यात काहीतरी मौल्यवान असणार, तेव्हा वीस रुपये पडतील, असे त्याने सांगितले. खुदाबख्शांनी घासाघीस न करता वीस रुपये मोजले. त्या गठ्ठ्यात निघालेल्या एका अरबी ग्रंथासाठी पुढे खुद्द निजामाने ४०० रुपये देऊ केले. ग्रंथ अर्थातच पाटण्याला गेला.

दुसरा किस्सा चोरीचा. ग्रंथालयात पूर्वी काम केलेल्या एका पुस्तक बांधणाऱ्याने आत शिरून काही निवडक हस्तलिखिते लांबवली आणि ती लाहोरच्या एका दलालाकडे पाठवली. दलालाला चोरीचा पत्ता नव्हता. इतक्या दुर्मीळ ग्रंथांना गिऱ्हाईक कोण मिळणार, असा विचार करून त्याने पत्र लिहिले ते थेट खुदाबख्शांनाच! चोरीचा माल आपल्या पायांनी घरी परतला.

पुस्तक उसने देण्याबाबत खुदाबख्श फार कडक होते. आंधळे तीन प्रकारचे असतात, असे ते गमतीने म्हणत. ज्याला डोळे नाहीत तो पहिला, आपले मौल्यवान पुस्तक मित्राला देतो तो दुसरा, आणि हातात आलेले असे पुस्तक जो परत करतो तो तिसरा. गमतीमागे अनुभव होता. त्यांच्या वडिलांकडून एका इंग्रज न्यायाधीशाने एक फार्सी काव्यसंग्रह वाचायला नेला आणि परत द्यायचे नाव काढले नाही. हवी ती किंमत देतो, एवढेच तो म्हणत राहिला. निवृत्त होऊन विलायतेला जाताना त्याने चांगली पुस्तके एका पेटीत भरली आणि नको असलेली लिलावासाठी वेगळी काढली. पेट्यांची अदलाबदल झाली आणि तोच संग्रह लिलावात मुहम्मद बख्श यांच्या हाती पुन्हा आला.

१८९१ चा ऑक्टोबर

सुमारे ८० हजार रुपये खर्चून खुदाबख्शांनी ग्रंथालयासाठी दुमजली इमारत बांधली. ऑक्टोबर १८९१ मध्ये बंगालचे तत्कालीन नायब राज्यपाल सर चार्ल्स इलियट यांच्या हस्ते ते लोकांसाठी खुले झाले. त्या दिवशी कपाटांत सुमारे ४ हजार हस्तलिखिते होती. म्हणजे पंधरा वर्षांत मुलाने वडिलांचा संग्रह जवळजवळ तिप्पट केला होता. इमारत आणि ग्रंथ, दोन्ही त्यांनी रीतसर दस्तऐवज करून जनतेला देऊन टाकले. हस्तलिखिते पाटण्याबाहेर हलवायची नाहीत, ही त्यातली अट.

या अटीमागेही कारण होते. ब्रिटिश म्युझियमने या संग्रहासाठी मोठी रक्कम देऊ केली होती. खुदाबख्शांनी नकार दिला. आपण गरीब माणूस आहोत आणि रक्कम राजाला शोभेल अशी आहे; पण ज्यासाठी वडिलांनी आणि आपण जन्म वाहिला ते पैशासाठी कसे द्यायचे? हा संग्रह पाटण्याचा आहे आणि तो पाटण्याच्या लोकांच्या पायाशीच ठेवला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

ते खरोखरच गरीब झाले होते. एवढी वकिली, एवढी न्यायाधीशी करूनही अखेरच्या वर्षांत अंगावर कर्ज होते आणि अर्धांगवायूने शरीर थकले होते. शेवटी कर्ज फेडण्यासाठी सरकारने ८ हजार रुपये दिले आणि ग्रंथालयाचे सचिव म्हणून महिना २०० रुपये बांधून दिले. ज्या ग्रंथांचे मालक होते त्यांचेच ते पगारी रखवालदार झाले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे.

इस्लाममध्ये वक्फची कल्पना हीच आहे. एकदा अल्लाहच्या नावे वस्तू दिली की देणाऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचा लाभ तेवढा लोकांना मिळत राहतो. खुदाबख्शांच्या बाबतीत एक हदीस आठवल्यावाचून राहत नाही. माणूस मरण पावला की त्याची कर्मे थांबतात, तीन गोष्टी मात्र चालू राहतात, असे प्रेषितांनी सांगितले. वाहते राहणारे दान, म्हणजे सदका-ए-जारिया. लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान. आणि आईवडिलांसाठी दुआ करणारी नेक संतती. मुहम्मद बख्श यांच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत आल्या.

कपाटांतला खजिना

या ग्रंथालयात काय नाही? तेराव्या शतकातले विख्यात सुलेखनकार याकूत अल मुस्तासिमी यांच्या हातचे कुरआन आहे. अकबराच्या काळात तयार झालेला ‘तारीख-ए-खानदान-ए-तैमुरिया’ हा तैमूरच्या घराण्याचा सचित्र इतिहास आहे. शंभराहून अधिक चित्रे असलेल्या या ग्रंथाची जगात दुसरी प्रत नाही. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद ‘जागतिक स्मृती’च्या यादीत केली. कवी हाफिज यांच्या दिवाणाची एक प्रत अशी आहे, की तिच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांच्या हातच्या नोंदी आहेत. मोठे काम हाती घेण्यापूर्वी दिवाण उघडून शकुन पाहायचा, आणि तो खरा ठरला की समासात तसे लिहून ठेवायचे, अशी बादशहांची रीत होती.

कॉर्डोव्हाचे शल्यवैद्य अल जहरावी यांच्या ग्रंथाची बाराव्या शतकातली प्रत इथे आहे. तिच्यात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे आहेत. वनस्पती, औषधे, खगोल, गणित, इतिहास, सूफी विचार अशा सगळ्या विषयांवर अरबी, फार्सी, उर्दू हस्तलिखिते आहेत. मुसलमानांची विद्या म्हणजे केवळ धर्मशास्त्र, असा समज असणाऱ्याने या कपाटांची नुसती यादी वाचली तरी पुरे. ती यादी करण्याचे काम मौलवी अब्दुल मुक्तदिर यांनी सुरू केले आणि १९०८ मध्ये तिचा पहिला खंड निघाला. पुढे तिचे तीसहून अधिक खंड झाले.

कागदाला ओल, वाळवी आणि कसर यांची भीती. जुने लेखनिक ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहीत. किड्यांच्या राजाला घातलेली ती साद, त्याचे नाव दिसले की कसर पानाला शिवणार नाही, अशी समजूत. आजच्या संग्राहकाला मात्र रोज हाताने काम करावे लागते. धूळ झाडणे, फाटलेले पान सांधणे, डिजिटल प्रत काढणे ही कामे इथे वर्षानुवर्षे चालू आहेत.

खुदाबख्शांनी सांगितलेले एक स्वप्नही या ग्रंथालयाच्या इतिहासाचा भाग झाले आहे. स्वप्नात ग्रंथालयाशेजारची गल्ली माणसांनी भरून गेली होती. ते धावत बाहेर आले, तेव्हा लोक म्हणाले, प्रेषित (स.) तुमचे ग्रंथालय पाहायला आले आहेत आणि तुम्ही कुठे आहात? ते वर गेले, तोवर खोली रिकामी झाली होती. पण मेजावर हदीसचे दोन ग्रंथ उघडे होते. प्रेषित ते वाचत होते, असे त्यांना सांगण्यात आले. जागे झाल्यावर खुदाबख्शांनी त्या दोन्ही ग्रंथांवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले की, हे ग्रंथालयाबाहेर कधीही जाऊ देऊ नयेत.

महाराष्ट्राशी धागा

हे किस्से टिपणारे जदुनाथ सरकार अनेक वर्षे पाटणा कॉलेजात प्राध्यापक होते. कॉलेज आणि ग्रंथालय एकाच रस्त्यावर. औरंगजेबाचा पाच खंडी इतिहास लिहिताना बांकीपूरच्या फार्सी हस्तलिखितांचा त्यांना मोठा आधार मिळाला. ऑक्सफर्डचे ग्रंथालय उभारणाऱ्या बॉडली यांच्याशी तुलना करून त्यांनी खुदाबख्शांना भारताचे बॉडली म्हटले. याच जदुनाथांनी पुढे शिवाजी महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा जन्माचा स्नेह जुळला. कामशेतला सरदेसाईंच्या घरी ते येऊन राहत. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या संपादनात दोघे बरोबर होते. मराठी कागद सरदेसाईंनी पाहायचे, फार्सी जदुनाथांनी, आणि दोघांनी मिळून अर्थ लावायचा, असा हा सहवास. मराठ्यांच्या इतिहासाचा एक दिवा अशा रीतीने पाटण्याच्या एका मुस्लिम वकिलाच्या तेलावरही जळला आहे.

सगळ्यांसाठी उघडे दार

१९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ग्रंथालयाला भेट दिली. त्यानंतर १९०५ मध्ये आवाराच्या दर्शनी भागात त्यांच्या नावाचा वाचनकक्ष उभा राहिला. महात्मा गांधी १९२५ मध्ये इथे येऊन गेले. १९६९ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. बिहारचे राज्यपाल तिच्या मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात.

पण पाटण्याच्या सामान्य माणसाला ग्रंथालय ठाऊक आहे ते या वाचनकक्षामुळे. विद्यापीठ जवळ, वैद्यकीय महाविद्यालय जवळ. खेड्यापाड्यांतून आलेली, भाड्याच्या लहान खोलीत तिघेचौघे राहणारी मुले इथे येऊन अभ्यास करतात. कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कोणी नोकरीच्या जाहिराती पाहतो, कोणी निवृत्त गृहस्थ उर्दू, हिंदी, इंग्रजी वर्तमानपत्रे चाळतो. नाव काय, जात कोणती, धर्म कोणता, हे विचारण्याची इथे प्रथा नाही. आत हुमायूनच्या हातची नोंद आणि बाहेर रेल्वे भरतीचा अर्ज, असे दोन्ही एका आवारात नांदते.

म्हणूनच २०२१ मध्ये जे घडले त्याने शहर अस्वस्थ झाले. अशोक राजपथावर उड्डाणपूल बांधायचा ठरला आणि त्यासाठी ग्रंथालयाच्या दर्शनी भागातली जागा हवी, असा प्रस्ताव आला. त्यात हा वाचनकक्षही जाणार होता. रस्त्यावर वाहतुकीची कोंडी असते हे खरे, शेजारी मोठे रुग्णालय आहे हेही खरे. तरी पाटणेकरांनी विचारले, की पूल दुसरीकडूनही नेता येईल, शंभर वर्षांचा वाचनकक्ष दुसरीकडे कसा नेणार? विद्यार्थी, प्राध्यापक, लेखक, वारसाप्रेमी नागरिक एकत्र आले. निवेदने गेली, सभा झाल्या. या आवाजात हिंदू होते, मुसलमानही होते. अखेर वाचनकक्षावर हातोडा पडला नाही.

या लढ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ग्रंथालय वाचवायला आले ते त्याचे वाचक. आतली हस्तलिखिते कितीही मोलाची असली, तरी ती पाहिलेली माणसे थोडी. रोज त्या बाकांवर बसणारी माणसे हजारो. वास्तू टिकते ती तिची गरज असलेल्या माणसांमुळे. ज्या ग्रंथालयात कोणी जात नाही, ते पडले तरी आवाज होत नाही.

रमजान आणि पुस्तकाचे दान

महाराष्ट्रातही मोहल्ल्या-मोहल्ल्यांत एके काळी हौसेने वाचनालये सुरू झाली. काही आजही तग धरून आहेत. जिथे कपाटाच्या किल्ल्या हरवल्या आहेत आणि वर्तमानपत्राचे बिल भरायला कोणी नाही, तिथे दोष फक्त मोबाइलला देऊन भागणार नाही. रमजानमध्ये दानाचा ओघ मोठा असतो. मशिदीच्या रंगरंगोटीसाठी, इफ्तारसाठी, शिधावाटपासाठी लोक सढळ हाताने देतात, आणि ते चांगलेच आहे. त्यातला थोडा वाटा अक्षरांकडे वळला तर?

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. जकात ही कुरआनने सांगितलेल्या आठ प्रकारच्या हक्कदारांसाठी आहे. ती इमारतीला किंवा कपाटाला लावता येत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. गरजू विद्यार्थ्याच्या हातात मात्र ती देता येते, आणि त्याने तिच्यातून पुस्तके घेतली तर ती योग्य जागी पोचली. वाचनालयासाठी आहे तो ऐच्छिक सदका आणि वक्फ. त्याला निसाबाची अट नाही. एका वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी, दिव्याखालची एक खुर्ची, परीक्षेच्या पुस्तकांचा एक संच, मुलींसाठी राखलेली दुपारची दोन तासांची वेळ, एवढ्यानेही वाचनालय जिवंत होते. पैसे नसतील त्याने बद्रच्या कैद्यांची आठवण ठेवावी आणि दहा मुलांना शिकवावे.

मुहम्मद बख्श यांनी जाताना मुलाला जमीनजुमला दिला नाही, एक काम दिले. मुलाने त्या कामापायी संपत्ती घालवली आणि शहराला श्रीमंत केले. त्यानंतर किती पिढ्या त्या दारातून आत गेल्या, किती जणांना तिथल्या अभ्यासावर नोकरी लागली, किती घरांत त्या कमाईची चूल पेटली, याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही. तो ठेवणारा ठेवतो आहे. रमजानमध्ये एकेका नेकीचा सवाब कित्येक पटींनी वाढतो, अशी श्रद्धा आहे. ईदच्या खरेदीच्या यादीत कपडे, शेवया, अत्तर यांच्याबरोबर मोहल्ल्याच्या वाचनालयासाठी एक पुस्तकही लिहिले जावे. ते कोण वाचील, हे देणाऱ्याला कळणार नाही. खुदाबख्शांनाही कळले नव्हते.